डबा आबांच्या खोलीत

"हा राउटर इथे कोपऱ्यात कुणी बसवला?" आबांच्या खोलीत उभं राहून नेटवाल्याने विचारलं. "घराच्या पार टोकाला? हॉलमध्ये असता तर अर्ध्या घराचा प्रश्न तेव्हाच मिटला असता."

"आमच्या आबांचा हट्ट," आबांच्या मुलाने हात झटकले.

वर्षापूर्वी नेट घेतलं, तेव्हा सगळे सांगून थकले होते. पण आबा पेटलेच. डबा माझ्या खोलीत, नाहीतर घरात नकोच. का, ते सांगेनात. आबांना फोनवर बुद्धिबळाचे डाव बघायचा नाद, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा आपमतलबी निघाला, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. सासूबाईंनी मात्र तेही म्हटलं.

तेव्हापासून हॉलमध्ये रेंजची एक काडी, स्वयंपाकघरात शून्य आणि वरच्या मजल्यावर देवाचं नाव. आणि त्याच महिन्यात सुनेची नोकरी सुरू झाली. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ती स्क्रीनवरून बोलायला शिकवते. नेट फक्त आबांच्या खोलीत, म्हणून रोज दहा वाजता ती तिथे जाते, आतून कडी लावते आणि एकपर्यंत बाहेर येत नाही. दहाला पाच कमी असताना आबा चष्मा, पेपर आणि फोन उचलतात आणि जिन्याच्या वळणावर उशी टाकून बसतात. "इथे वारा छान लागतो," म्हणतात. तिथे वारा येत नाही. रेंज तर नाहीच, त्यामुळे बुद्धिबळही नाही.

एका म्हाताऱ्या माणसाला रोज त्याच्याच खोलीबाहेर काढायचं, हे सुनेच्या मनाला लागून राहिलं होतं. नोकरीत कायम झाल्याचं पत्र आलं आणि तिने ठरवलं, आबांना त्यांची खोली परत द्यायची. तीन आठवडे ती एकच विषय घेऊन बसली होती. मेश वायफाय घ्यायचं, पण दोन डब्यांचं की तीन? भिंती जाड आहेत, त्यांतून काय पोचेल? वरच्या मजल्याला वेगळा डबा लागेल का? शेवटी तीन डब्यांचा संच घेतला. सासूबाईंना तिने समजावून सांगितलं, "एक डबा दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. एका जागेवरून घरभर आवाज जातो."

"त्याला डबे कशाला हवेत? मी आहे की," सासूबाई म्हणाल्या.

आता नेटवाल्याने सगळं घर फोन हातात धरून पालथं घातलं होतं. "मुख्य डबा हॉलमध्ये हलवू. दुसरा स्वयंपाकघराशी, तिसरा वर. मग ताई, कुठेही बसा. अगदी ओट्याशी बसून शिकवलंत तरी चालेल."

"बरं झालं बाई," सासूबाई खूश झाल्या. "शिकवता शिकवता दुधाकडेही लक्ष राहील."

"कुणी बेल वाजवली तर दार उघडता येईल," नवरा म्हणाला. "आणि आपल्या धाकटीला तुझ्यासमोरच गृहपाठाला बसवू."

वाईट कुणीच बोलत नव्हतं. सगळे मनापासून आनंदात होते. सुनेला मात्र तिची अकरा वाजताची विद्यार्थिनी आठवली. त्या मुलीने मागच्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव न अडखळता सांगितलं होतं. मध्येच कुणी डोकावलं तर ती पोर पुन्हा मिटणार, आणि मग आठवडाभर तोंड उघडणार नाही. या खोलीत वर्षभरात एकदाही कुणी डोकावलं नव्हतं.

"मुख्य डबा इथेच राहू द्या," ती म्हणाली.

"अगं, मग हा सगळा खटाटोप कशासाठी?" नवरा चक्रावला. "आबांना खोली परत द्यायची म्हणूनच ना?"

आबांनंतर आता हट्टाला आपण पेटलो, आणि तेही त्यांच्याच खोलीसाठी. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने एक डबा उचलून नेटवाल्याच्या हातात दिला. "हा आधी जिन्याच्या वळणावर लावा."

"जिन्यात? तिथे कोण बसतं?"

"खोलीचे मालक."

डब्यावरचा दिवा निळा झाला. आबांनी फोन नाकाजवळ धरला. पडद्यावर घोडे-उंट हलायला लागले, तसे ते लहान मुलासारखे हसले. सून त्यांच्या खालच्या पायरीवर बसली.

"आबा, रागावू नका. खोली तुम्हाला परत करणार होते. ते काही जमत नाहीये मला."

"परत कुणी मागितली?" आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चाळीस वर्षं मी हॉलमध्ये बसून घड्याळं दुरुस्त केली. बारीक स्प्रिंग चिमट्यात धरली, की नेमकी कुणीतरी हाक मारायचं. आबा, जरा हे बघा. आबा, जरा ते धरा. की उडाली स्प्रिंग. निम्मं आयुष्य जमिनीवर स्प्रिंगा शोधण्यात गेलं माझं. तुला नोकरी लागली, तेव्हाच म्हटलं, हिच्या स्प्रिंगा उडायला नकोत."

दुसऱ्यांना बोलायला शिकवणारी सून, पण तीच अडखळली.

"म्हणजे... डबा तुम्ही... बुद्धिबळासाठी नाही?"

"डबा काय, कुठेही बसला असता," आबा फोनमधून मान वर न काढता म्हणाले. "पण अख्ख्या घरात आतून कडी लागते, असं दार माझ्या खोलीचं एकच आहे."