दरी उघडली

लोणावळ्याच्या पॉइंटवर चार दिवस धुकं जागचं हललं नव्हतं. पुण्याहून आलेली चैताली कठड्याशी तासभर उभी राहून वैतागली आणि शालूबाईंच्या हातगाडीवर कणीस घ्यायला आली.

"मावशी, नशीबच फुटकं आमचं. दरी काही दिसतच नाही."

"ऱ्हाऊ दे की धुकं. बरं असतंय," निखाऱ्यांना वारा घालत शालूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वारं सुटलं आणि दरी तळापर्यंत उघडी पडली. चैताली कठड्याकडे धावली. "मावशी, या ना, बघा तरी!"

शालूबाईंनी दरीकडे पाठ केली.

 

"गेल्या साली बी असंच चार दिवस धुकं हुतं, पोरी. धुकं हुतं तवर माझा ल्योक विक्की नुसता हरवला हुता."