चिउमास्तरांचा सल्ला

चीनमधल्या सूचौ शहरात कालव्याकाठी शिंपीकाम करणारे चिउमास्तर दुपारी जेवून मोबाईलवर प्रेमाची मालिका लावून बसले. भिंतीपल्याडची शेनबाई उद्या कायमची लेकीकडे जाणार होती, आणि मनातलं बोलायला मास्तरांची जीभ काही रेटत नव्हती. मालिका बघता बघता कुणीही काही लिहिलं की ते सगळ्या बघणाऱ्यांना दिसे; अशी वाक्यं पडद्यावरून पाखरांसारखी उडत होती. नायिकेची होडी सुटली, तरी नायक पुलावर नुसता छत्री धरून उभा! मास्तर मोठ्यानं बोलत लिहू लागले, "अरे मठ्ठा, थांबव ना तिला!"

मागोमाग एक वाक्य तरंगत आलं, "भिंतीतून ऐकू येतंय हो, मास्तर. त्या पोराला कशाला शिकवताय? सामान माझंही बांधून झालंय."

तेव्हा नायकानं छत्री मिटून टाळ्या वाजवल्या, असं अख्खी गल्ली शपथेवर सांगते. मास्तरांनी मात्र ते पाहिलं नाही. ते शेजारचं दार वाजवत होते.