अंगणातली दुपटी

लढाई पेटली आणि सीमा सुरक्षा दलात असलेल्या रुपाची सुट्टी दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. दहा महिन्यांची लेक सासूच्या कडेवर देऊन ती कळसाडीहून निघाली. सासूचे, धनुबाईचे, हात संधिवाताने आखडलेले. म्हणून रुपाचा नवरा भूपेश साखर कारखान्यातली पाळी संपवून आला की लेकीचं न्हाणं-धुणं करायचा. धनुबाईला ते बघवत नसे. या पोराला तिने कधी स्वतःचं ताटसुद्धा उचलू दिलं नव्हतं.

एका सकाळी तो धुतलेली दुपटी घेऊन सरळ पुढच्या अंगणात आला आणि सगळ्या गल्लीदेखत वाळत घालू लागला. बायकोचं काम नवरा करतोय हे बघून समोरच्या ओट्यावरून कौतिकबाई हसली.

"काय रे भूपेश, बायकोनं काम करी ऱ्हायना का?"

भूपेशची मान खाली गेली. धनुबाई नातीला घेऊन दारात आली. काल ती स्वतःही हेच म्हणाली होती. आज मात्र तिचा आवाज चढला.

"बायकोनं काम कोठे करी ऱ्हायना तो, कौतिक? बायकोनं काम सीमावर शे. ते याले जमाव नही!"