येते

“निघताना आत्याला काय म्हणालीस?”

प्रश्न अधिकारीबाईंचा, पण आवाज दुभाषीकाकांचा. बाई आपल्या भाषेत विचारायच्या, काका ते मुलांच्या भाषेत सांगायचे आणि मुलांचं उत्तर बाईंपर्यंत पोचवायचे. तेवढा वेळ ताई खुर्चीच्या कडेवर अवघडून बसायची आणि धाकटा भाऊ तिची बाही धरून उभा राहायचा. एकदा चिकटला की सुटत नाही, म्हणून आत्याने त्याचं नावच मुंगळा ठेवलं होतं.

दोघांना या देशात राहू द्यायचं की परत पाठवायचं, ते बाई आज ऐकतील त्यावर ठरणार होतं. इथल्या भाषेतले ताईला थोडेच शब्द यायचे: थांबा, पुढे सरका, नंतर. आल्यापासून तेवढेच कानावर पडले होते, बिचारी दुसरे शिकणार कुठून? पण “विचारतील ते खरं सांगायचं,” असं आत्याने बजावलं होतं. म्हणून तिने सगळं आठवून आठवून खरं सांगितलं होतं. जळालेली शाळा, बाबांना घेऊन गेलेली गाडी, आणि आत्याचा गुडघा. त्या गुडघ्यामुळेच आत्याला डोंगर चढता आला नव्हता आणि ती मागे राहिली होती. त्यामानाने हा प्रश्न तर फारच सोपा होता.

“‘येते’ म्हणाले.”

काका जरा घुटमळले. शब्दाला शब्द ठेवायचा, पदरचं काही घालायचं नाही, असा त्यांच्या नोकरीचा नियम. शेवटी त्यांनी तो शब्द होता तसा पोचवला, आणि बाईंचं लिहिणं थांबलं.

“म्हणजे परत जायचं ठरलं होतं?”

“नाही.”

“पण तू तसं सांगून निघालीस.”

“हो.”

“तिथे जिवाला धोका होता म्हणतेस, मग परत येते असं कशी म्हणालीस?”

खरं बोलूनही कुठेतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते ताईला काही केल्या कळेना. तिने काकांकडे पाहिलं. काकांना सगळं समजलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण नियम म्हणजे नियम. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले.

“तुमच्या भाषेत ‘जाते’ असा शब्दच नाही का?” बाईंनी विचारलं.

“आहे,” मुंगळा म्हणाला. त्याने ताईची बाही सोडली होती. “पण तो निघताना म्हणायचा नसतो. आत्या रागावते.”

“का बरं?”

“काय माहीत. मी एकदा शाळेला निघताना ‘जातो’ म्हणालो, तर तिने दारातून मागे ओढलं, खाली बसवलं, पाणी पाजलं आणि पहिल्यापासून निघायला लावलं. उशीर झाला म्हणून शाळेत उठाबशा काढल्या, त्या वेगळ्याच.”

हे मात्र काकांनी शब्दाला शब्द ठेवून, चांगलं चवीने सांगितलं. बाईंच्या ओठांची एक कड हलली.

“सगळेच असं म्हणतात? परत येणार नसले तरी?”

“सगळेच,” ताई म्हणाली. मग खरं ते सगळंच सांगायचं असल्यामुळे तिने तेही सांगितलं. “बाबांना गाडीत कोंबलं ना, तेव्हा तेसुद्धा ‘येतो’ म्हणाले.”

काकांनी हे वाक्य बाईंना सांगितलं. मघाशी लिहिलेल्या ओळीवर बाईंनी काट मारली आणि बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, “झालं. पुढच्या आठवड्यात कळवू. निघा तुम्ही आता.”

ताई दारापर्यंत गेली आणि तिथेच अडली. मोठ्या माणसाला सांगितल्याशिवाय निघायची तिला सवय नव्हती. ‘येते’ म्हणावं तर पुन्हा घोटाळा व्हायचा, आणि ‘जाते’ म्हणायला जीभ रेटेना. ती नुसतीच कडीला हात लावून उभी राहिली. तिला रडू येत होतं.

बाईंनी ते पाहिलं आणि काकांना काहीतरी विचारलं.

“बाई विचारतायत,” काका म्हणाले, “‘येते’ म्हटलं की घरातलं माणूस काय म्हणतं?”

“‘ये’ म्हणतं.”

बाईंनी तो शब्द दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिला. “ये,” त्या म्हणाल्या. एवढासा शब्द, पण तोही त्यांना वाकडाच जमला.

“येते,” ताई म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं.

मुंगळा मात्र जागचा हलेना. “आम्ही दोघं आहोत,” तो काकांना म्हणाला. “दोघांना ‘ये’ नाही म्हणत, ‘या’ म्हणतात. सांगा ना त्यांना.”

काकांनी सांगितलं. बाई खुर्चीतून उठल्या, दाराशी आल्या, आणि दोघांकडे बघून नीट, स्पष्ट म्हणाल्या, “या.”