आत बसलेला
“म्हंजे बंद केलं तरी ते जागंच राहते?” व्यंकटरावांनी स्टूल काउंटरजवळ ओढलं.

“जागंच राहते, काका. बॅटरीत जीव असला की झालं,” धम्मदीप म्हणाला. त्याचा जीव सुपाएवढा झाला होता.

हिंगोलीच्या एसटी डेपोजवळच्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात आजवर कुणी त्याचं इतकं मनापासून ऐकलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या आत आणखी एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्यातला प्रोग्रॅम कंपनीने कुलूपबंद ठेवलेला असतो, आणि तो काय करतो हे मशीनच्या मालकालाच ठाऊक नसतं, हे पुराण तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाइकं ‘बरं बरं’ करत मशीन उचलून सटकायची. बायकोने तर जेवताना हा विषय काढायचा नाही, असं बजावलंच होतं. तिचंही काही चुकत नव्हतं.

व्यंकटराव मात्र याच्यासाठी डोंगरकड्याहून मुद्दाम आले होते. त्यांच्या कोमलला पुण्यात नोकरी लागली होती. सोमवारी ती निघणार होती, आणि काउंटरवरचा हा जुना लॅपटॉप तिच्याबरोबर जाणार होता.

“लेकरू एकटं राहणार. खोलीत हे उघडं पडलेलं असणार, कॅमेऱ्यासगट. मला झोप लागून न्हाई राहिली.” त्यांचे डोळे खरंच तांबारलेले होते.

“तो पाहतेच असं मी म्हणत न्हाई, काका. पण पाहायचं ठरवलं, तर आपल्याला कळायचं न्हाई. माझी तकलीफ तीच हाय.”

“तिलाबी कळायचं न्हाई?”

“न्हाई. स्क्रीनवर काहीच येत न्हाई.”

“एखाद्या शिकलेल्या मैतरणीनं समदं पुसून नवीन टाकून देल्लं तर?”

“तरी तो खाली बराबर बसून राहते. विंडोजला त्याचा पत्ताच नसते.”

“आन् ॲन्टीव्हायरस?”

“त्याच्या बापाला घावत न्हाई!”

व्यंकटराव प्रत्येक उत्तर ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहत होते. धम्मदीपला त्यांची कीव आली. पोरीसाठी असा जीव टाकणारा बाप त्याने पाहिला नव्हता. त्याने चहा सांगितला आणि लगेच लॅपटॉप खोलायला घेतला.

खालचं झाकण निघालं. नखाएवढी काळी चिप दिसली. तिला त्याने चिमटा लावला आणि त्याची वायर आपल्या मशीनला जोडली. लॅपटॉप जुना होता हे बरंच झालं. कंपनीचा प्रोग्रॅम पुरता निघणार नव्हता, पण जवळजवळ मुका करता येणार होता. असं काम कुणीतरी सांगावं म्हणून तो किती वर्षं वाट पाहत होता.

“हे पाहा, एवढंसं हाय. याच्यातच तो बसला. आता त्याला काढतो. मंग कोमलच्या खोलीत कोणालाच डोकावता यायचं न्हाई.”

तो बटण दाबणार, तोच व्यंकटरावांनी त्याचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

“काढू नका त्याला,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्याच्या जागी मला बसवा.”