बिननावाचे फोटो

संग्रहालयात यंदा वर्षभर बिननावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं. ‘यांना ओळखता का?’ असं दारातच लिहिलं होतं आणि लोकही हौसेनं नावं सांगून जात. सगळ्यांत जास्त नावं सांगितली ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. त्या रोज दुपारी एकट्याच यायच्या. फोटोतलं कुणी त्यांची आत्या निघायचं, कुणी चुलता. “हा मामा म्हणजे भारी तिरसट हो! चहा जरा कोमट झाला की कप सरकवलाच.”

क्युरेटर लगेच फोटोखाली नाव लावायची. एवढा गोतावळा असलेल्या बाई संध्याकाळपर्यंत घरी का जात नाहीत, याचं तिला नवल वाटायचं. तिच्या स्वतःच्या घरी तर आजी गेल्यापासून कुलूपच काय ते वाट बघायचं.

शेवटच्या आठवड्यात एका फोटोला कसर लागली. रिकामी जागा वाईट दिसते म्हणून क्युरेटरनं घरातला, आपल्या आजीच्या तरुणपणचा फोटो तिथं टांगला.

टेलिफोनबाई त्याच्यासमोर थबकल्या. “अगं बाई, ही तर माझी थोरली बहीण! वेणी घालताना काय केस ओढायची माझे!”

क्युरेटर बघतच राहिली. तिची आजी आईबापांची एकुलती एक होती. भिंतीवरचे सगळे मामा, आत्या, चुलते आता जणू तिच्याकडेच बघत होते.

 

“म्हणजे तुम्ही माझ्या मावशीआजी!” ती म्हणाली. “अहो, इतकी वर्षं होतात कुठं?”