अनयचं हाड

उंबऱ्याशी येऊन सुहासिनी वॉकर टेकवून थांबली. लिफ्टपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच आज ठरलं होतं आणि तिनं ते केलं होतं.

"चल ना आत," विद्याधर म्हणाला.

तिनं आपल्या उजव्या नडगीकडे पाहिलं. "अनय विचारतोय, येऊ का घरात?"

विद्याधरच्या हातातली किल्ली खाली पडली.

अनय त्यांचा एकुलता एक मुलगा. दिवाळीच्या आधी तो आईला स्कूटरवरून पवईला, मावशीकडे सोडायला निघाला होता. आरेच्या वळणावर स्कूटर घसरली. अनय जागच्या जागी गेला. मागे बसलेली सुहासिनी वाचली, पण नडगीचा पार चुरा झाला.

तुकडे काढल्यावर हाडात मोठी पोकळी राहिली होती. त्या पोकळीत डॉक्टरांनी हायड्रॉक्सीॲपटाइट भरलं. "आपल्या हाडात असतं तेच द्रव्य, काका, पण कारखान्यात बनवलेलं," तरुण डॉक्टर श्वेतानं विद्याधरला समजावलं होतं. "पांढरे, सच्छिद्र दाणे असतात. त्यांच्या आधारानं काकूंचं स्वतःचं हाड वाढेल आणि दाणे हळूहळू विरत जातील. फक्त त्यांनी पायावर भार द्यायला हवा. हाड वापरलं तरच धरतं."

सुहासिनी भार देईना. घरी आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रोज हात हलवत परत जायची.

"चालून जायचंय कुठे मला?" सुहासिनी म्हणायची.

एका दुपारी विद्याधरच्या तोंडून निघून गेलं, "अगं, अनयचे डोळे दिले आपण, तेव्हा हाडही दिलं. तेच बसवलंय तुझ्या पायात. त्याला तरी असं वाळू देऊ नकोस."

डोळे दिले होते, ते खरं होतं. ती भिंतीकडून त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "वॉकर आणा."

आणि आज ती उंबऱ्याशी उभी होती आणि विद्याधरच्या अंगावर काटा आला होता. कारण एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

अपघाताच्या दिवशी सकाळी ऑफिसात त्याला कळलं होतं, की अनयनं कंपनीतली नोकरी सोडली आणि गोरेगावच्या कुठल्याशा स्टुडिओत लाइटिंगचं काम धरलं. तेही एका सहकाऱ्याकडून. अनय अजून अंथरुणातच असेल असं धरून विद्याधरनं फोन लावला आणि उचलल्या उचलल्या सुरुवात केली. "दिवे उचलायला इंजिनिअर केलं तुला? लोकांकडून कळतं मला! या घरात पाऊल टाकू नकोस परत!"

अनय काही बोलला नाही. फोन बंद झाला. रागानं ठेवला असणार. पुन्हा लावावा असं विद्याधरला वाटलं नाही. मग पोलिसांचा फोन आला.

ते वाक्य त्यानं गिळून टाकलं होतं. दोनच माणसांना ते ठाऊक होतं, आणि त्यातलं एक आता नव्हतं.

"बोला ना काहीतरी," सुहासिनी म्हणाली. "तो थांबलाय."

"ये," विद्याधर कसाबसा म्हणाला. "ये रे बाळा. घर तुझंच आहे."

तिनं उजवा पाय आत टाकला.

मग ते रोजचंच झालं. फिरून आली की ती दाराशी थांबायची. त्यानं 'ये' म्हटल्याशिवाय आत यायची नाही. संध्याकाळी तो तिच्या पायाला तेल लावायचा. कधी ती डोळे मिटून म्हणायची, "बाबांचे हात किती गार पडलेत, म्हणतोय." तो चटकन हात एकमेकांवर घासायचा.

थाप आपलीच आहे, आत कारखान्यातले दाणे आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ऑफिसला निघताना त्याची नजर तिच्या पायाकडे जायची आणि तो पुटपुटायचा, "येतो रे." एका रविवारी दुपारी तिला झोप लागलेली असताना त्यानं वाकून तिच्या नडगीला कान लावला. ऐकू काहीच आलं नाही. पण आपलं कुणीतरी ऐकतंय, असं मात्र वाटलं.

वसंतात तपासणी झाली. कॉम्प्युटरवर एक्स-रे बघून श्वेता खूश झाली. "झकास, काकू! दाणे आता शोधावे लागतायत. सगळं तुमचं हाड आहे."

फिल्म आणायला विद्याधर खाली गेला. परत आला तेव्हा केबिनचं दार अर्धवट उघडं होतं.

"आता तरी काकांना सांगून टाका ना," श्वेता आत म्हणत होती. "पायात काय भरलं होतं ते तुम्हाला पहिल्यापासून माहितीय, हे कळलं तर त्यांचं ओझं उतरेल."

विद्याधर जागीच थबकला. तिला माहीत होतं! इतके महिने तीच त्याला सांभाळून घेत होती. त्याच्या छातीवरचा दगड सरकला, डोळे भरून आले, हसूही आलं. त्यानं दार ढकलायला हात पुढे केला.

"नको गं," सुहासिनीचा आवाज आला. "मग ते विचारतील, घरात येऊ नकोस म्हटलेलं तुला कसं कळलं. फोन हँडलला लावलेला होता, स्पीकरवर. त्यांना वाटतं, अनयनं रागानं ठेवला."

आत खुर्ची सरकली.

"त्यानं नाही ठेवला. आम्ही तेव्हाच पडलो."